कचरा वेगळा होतो तो खाटेपाशीच

आजचा विषय जरा नाक मुरडायला लावणारा आहे, पण तो टाळून चालणार नाही: रुग्णालयातला संसर्गजन्य कचरा.

उदाहरणाला हेब्बाळ घेऊ. बेंगळुरूचं नव्हे, म्हैसूरचं. इथे औद्योगिक वसाहत आहे, तलाव आहे आणि लोकवस्तीही आहे. समजा, अशा भागातल्या एका छोट्या दवाखान्यातली वापरलेली सुई साध्या कचऱ्यात पडली. पहिल्यांदा ती कुणाला टोचेल? डॉक्टरला नाही. सफाई कामगाराला, नाहीतर भंगार वेचणाऱ्या मुलाला. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत असते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, आरोग्यसेवेतला सुमारे 85 टक्के कचरा आपल्या घरच्यासारखाच साधा असतो. धोकादायक असतो तो उरलेला 15 टक्के. पण दोन्ही एकाच बादलीत गेले की सगळाच कचरा संसर्गजन्य धरावा लागतो. नंतर निवडत बसणं हाच मोठा धोका. म्हणून वर्गवारी व्हायची ती रुग्णाच्या खाटेपाशीच.

2016 च्या केंद्रीय नियमांनी त्यासाठी चार रंग ठरवले:

पिवळा: रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या, शरीराचे भाग. हे प्रामुख्याने भट्टीत जाळतात.
लाल: सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. आधी निर्जंतुक करायचं, मग तुकडे. तुकडे न केल्यास हाच माल धुऊन पुन्हा बाजारात येऊ शकतो.
पांढरा: सुया आणि पाती. पिशवी नाही, टोचून भोक पडणार नाही असा डबा.
निळा: काचेच्या बाटल्या, धातूचे इम्प्लांट.

आता नियोजन. आठवडाभर रोज प्रत्येक रंगाचा कचरा वजन करून लिहा. पिवळा कचरा रोज 5 किलो निघत असेल, तर किमान 10 किलोची बंदिस्त जागा हवी, कारण असा कचरा प्रक्रियेविना 48 तासांहून जास्त ठेवता येत नाही. गाडी आली नाही तर काय? फोन कुणी करायचा, हे आधीच ठरवून भिंतीवर लावा. उशीर होणारच असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवावं लागतं.

75 किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्राची सेवा मिळत असेल, तर रुग्णालयाने स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारायची नाही. पिशवीवर बारकोड लावून ती केंद्राकडे सोपवायची. रक्तदान शिबिरं आणि शाळेतली प्रथमोपचार खोलीसुद्धा या नियमांत येतात, हे आयोजकांनी लक्षात ठेवावं.

आणि माणसं? कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, दरवर्षी प्रशिक्षण. सूचनाफलक त्याच्या भाषेत हवा: म्हैसूरला कन्नड, सांगलीला मराठी. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही. सुई टोचलीच, तर जखम पिळू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच डॉक्टरांकडे जा आणि नोंद करा. नोंद केल्याबद्दल कुणी रागावणार नाही, याची हमी मालकाने द्यावी. भीतीपोटी लपवलेली सुई सगळ्यात महाग पडते.

उद्या आपल्या दवाखान्यात गेलात, तर सुयांचा पांढरा डबा कुठे आहे ते बघा. खाटेपासून चार पावलांवर नसेल, तर तो आजच हलवायला सांगा.