थिजलेली खिडकी

संगणकातील फाइलींची यादी दाखवणाऱ्या आणि त्यांची हलवाहलव करणाऱ्या प्रोग्रॅमला फाइल मॅनेजर म्हणतात. मंद साधन जोडताच त्याची खिडकी थिजते, ही तक्रार मुंबईतल्या मरोळमधील झेरॉक्सच्या दुकानांनाही नवी नसावी. गिऱ्हाइकाचा जुना पेन ड्राइव्ह खोचला जातो, पत्त्याच्या रकान्यात हिरवी पट्टी रेंगाळते, खिडकी पांढरट होते आणि काउंटरपुढची रांग वाढत जाते.

दोष बहुधा एकट्या पेन ड्राइव्हचा नसतो. क्लिक टिपणे आणि खिडकी रंगवणे ही कामे प्रोग्रॅमचा मुख्य थ्रेड, म्हणजे सूचनांची एक सलग साखळी, करत असतो; याच थ्रेडने साधनाकडे यादी मागितली, तर उत्तर येईपर्यंत तो जागीच थांबतो, आणि सुमारे ५ सेकंद त्याने दाद दिली नाही की विंडोज त्याला प्रतिसादहीन ठरवते. झोपी गेलेल्या हार्ड डिस्कच्या तबकड्यांना मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांचा वेग गाठायलाच काही सेकंद लागतात. त्यात फोल्डरमध्ये शेकडो छायाचित्रे असली, तर लघुचित्रांसाठी फाइलीमागून फाइल वाचावी लागते, ही हौस वेगळीच.

मागणी दुसऱ्या थ्रेडवर सोपवून येतील तशी नावे दाखवणे हा प्रोग्रॅमकाराचा उपाय. वापरणाऱ्याने लघुचित्रे बंद करावीत, मात्र वैतागून पेन ड्राइव्ह उपसू नये, कारण लिहिणे अर्धवट राहिल्यास फाइलच खराब होऊ शकते.