आकार एकाचा, द्रव्य दुसऱ्याचे

गॅलेना म्हणजे शिशाचे सल्फाइड. जड, चकचकीत, घनाकृती स्फटिकांचे. धातुकाचा साठा हवा आणि झिरपत्या पाण्याच्या तावडीत सापडला की गॅलेनाच्या जागी सेरुसाइट, पायरोमॉर्फाइट अशी खनिजे येतात. नवे खनिज जुन्याची जागा कधी इतक्या बेताने घेते की बाहेरचा आकार तसाच राहतो, हाच स्यूडोमॉर्फ. जर्मनीत बेर्नकास्टेलजवळच्या काउटेनबाख खाणीत उलटाच प्रकार सापडला: पायरोमॉर्फाइटचे षटकोनी खांब, आत मात्र गॅलेना. ऑक्सिजनवाल्या पाण्याने घडवलेले पुढे गंधकाने पुन्हा पालटले. असा घटनाक्रम नितळ, चमकदार स्फटिक सांगत नाही. संग्राहकाने पैसे चमकेवर घालावेत की या साक्षीवर? माझे मत साक्षीच्या बाजूने आहे.

हुबळी-धारवाडच्या संग्राहकाला त्यासाठी शिसे शोधत फिरण्याची गरज नाही. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८०च्या दशकात ज्या खडकांना धारवाडचे नाव दिले, त्यांच्यात लोहखनिजाचे पट्टे आहेत. पूर्वेला संडूरला आणि पश्चिमेला गोव्यात त्यांतच मार्टाइट मिळते. आकार मॅग्नेटाइटचा, द्रव्य हेमॅटाइटचे. हेमॅटाइटची स्वतःची स्फटिकरचना वेगळी. अष्टफलक हा आकार तिचा नव्हे. म्हणूनच तो दिसला की मूळ खनिज ओळखता येते. हा नुसता गंज, असे कोणी म्हणेल. पण गंज लोखंडाचा आकार खाऊन टाकतो. इथे हेमॅटाइटच्या पट्ट्या मॅग्नेटाइटच्या अष्टफलकी पातळ्यांना धरूनच वाढतात, त्यामुळे चौकट टिकते. आकारावरून फसगत होईल, ही शंका अधिक रास्त. तिला उत्तर खरखरीत, बिनचकाकीच्या फरशीवर मिळते: मॅग्नेटाइटची रेघ काळी, हेमॅटाइटची तांबूस. लोहचुंबकाची ओढ घटली असेल तर पुरावा आणखी भक्कम. या हिशेबाने पूर्ण बदललेल्या देखण्या तुकड्याहून अर्धवट बदललेला, गाभ्यात मॅग्नेटाइट उरलेला तुकडा मोलाचा, आणि आम्लाने घासूनपुसून लख्ख केलेला सर्वांत कमी कामाचा.

राहिला आक्षेप डोंगर ओरबाडण्याचा, आणि तो खरा आहे. गदगजवळचा कप्पतगुड्ड २०१९पासून वन्यजीव अभयारण्य आहे. तिथून दगड उचलणे संग्रहात बसत नाही. परवानगीने पाहिलेले खाणींचे जुने ढिगारे आणि मोडीत निघणारे जुने संग्रह यांवर भागवावे. तुकड्यासोबत खाणीचे नाव आणि थराची खोली लिहिलेली चिठ्ठी नसेल, तर तो विकत घेऊ नये.