घरची शिवण

घरी कपडे शिवावेत की नाही, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा जमाखर्चापासून सुरू होते; आणि तो जमाखर्च कापड, दोरा, बटणे, अस्तर व यंत्राची किंमत धरून प्रामाणिकपणे मांडला, तर बाजारातला तयार कुडता पुष्कळदा स्वस्त पडतो, हे कबूल करणे भाग आहे. ज्या कारखान्यात कापडाचे अनेक थर रचून एकाच वेळी कापले जातात, त्याच्याशी घरातली एकटी कात्री दराच्या बाबतीत कधीच बरोबरी करू शकणार नाही. घरच्या शिवणकामाची खरी मातब्बरी काटकसरीत नसून मापावरच्या हुकमतीत आहे.

तयार कपडा सरासरी देहासाठी बेतलेला असतो. अमुक छातीच्या माणसाचा खांदा अमुक आणि बाही तमुक, असा एक तक्ता ठरलेला असतो व आपण त्यात निमूटपणे बसावे अशी अपेक्षा असते. परंतु जिचा एक खांदा किंचित उतरता आहे, किंवा जिचे दंड छातीच्या मानाने भरलेले आहेत, तिची सोय त्या तक्त्यात कोठेच नसते. सांधे आखडलेल्या आजींना पुढून उघडणारे, मोठ्या बटणांचे आणि मुंढ्यात सैल असे पोलके हवे असते. ते दुकानात मागून पाहावे, म्हणजे अडचण कळेल. स्त्रियांच्या कपड्यांना खिसा का नसावा, याचेही समर्पक उत्तर मला आजवर कोणत्याही दुकानात मिळालेले नाही. घरी शिवणारी बाई मात्र हवा तेवढा खोल खिसा लावून मोकळी होते.

हे सामर्थ्य घरोघर पोचवणाऱ्या यंत्राचा इतिहास कलहाने भरलेला आहे. फ्रान्समधील तिमोनिए याने 1830 साली शिवणयंत्राची सनद मिळवली, तेव्हा आपला पेशा बुडणार या धास्तीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याचा कारखाना मोडून टाकला. पुढे अमेरिकेत एलायस हाऊ याने 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगर याने 1851 मध्ये आपापल्या यंत्रांच्या सनदा घेतल्या. यंत्रांविषयी सदैव साशंक असणाऱ्या गांधीजींनी 1924 साली एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले, कारण पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरला ते सुचले अशी त्यांची समजूत होती. सिंगरच्या चरित्राशी ही कथा जुळत नाही. परंतु गांधीजींचा निर्णय मला योग्यच वाटतो. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनानेही शिवणकामाकडे निराधार स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन म्हणूनच पाहिले.

या यंत्राची खुबी सुईच्या छिद्रात आहे. हातसुईचे छिद्र मागच्या टोकाला असते, यंत्राच्या सुईचे अणीजवळ. त्यामुळे सुई कापडातून खाली जाऊन वर येऊ लागली की दोऱ्याचा एक लहानसा फास सुटतो, खालचा आकडा तो पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतो, आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात. टाक्याच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे जाळे दिसू लागले, तर बहुधा वरच्या दोऱ्याचा ताण कमी झालेला असतो किंवा तो नीट ओवलेला नसतो. बिचाऱ्या बॉबिनला दोष देण्याचे कारण नसते.

तरीही शिवण्यापेक्षा बेतण्यातच अधिक कसब लागते. साधा परकर घ्या. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, कारण ते पहिल्या धुण्यात आटते आणि शिवल्यावर आटले तर मापांचा सारा हिशेब कोसळतो. मग कापडाचे आयताकृती तुकडे तिरके कापून प्रत्येकी दोन कळ्या काढाव्यात, अशा की एकीच्या निमुळत्या टोकाशेजारी दुसरीचा घेर यावा. कापड वाया जात नाही. कळ्या जोडताना एकीच्या तिरक्या कडेला दुसरीची सरळ कड घ्यावी, हा जुन्या शिवणाऱ्यांचा शिरस्ता सकारण आहे: उरेब कड ओढली की लांबते, आणि दोन उरेब कडा एकत्र आल्या तर परकर काही दिवसांत त्या जागी लोंबू लागतो. वर नेफा, खाली दुमड, आणि काम आटोपले.

शिवणीत आत दोन्ही बाजूंना सोडलेली माया हा घरच्या कपड्याचा आणखी एक लाभ आहे. तयार कपड्यात ती अनेकदा नखभर असते. घरी बोटभर ठेवावी, म्हणजे अंग भरले किंवा मूल वाढले की टीप उसवून कपडा सैल करता येतो.

नव्याने शिकू इच्छिणाऱ्यांनी एकदम ब्लाऊज हाती घेऊ नये. त्याचा गळा व मुंढा भल्याभल्यांना नमवतो. प्रथम उशीचा अभ्रा, मग परकर, मग साधा कुडता असा क्रम ठेवावा, मध्यम सुती कापडासाठी 14 नंबरची सुई वापरावी, आणि ती बोथट झाली की मोडण्याची वाट न पाहता बदलावी.