नव्या बॅटऱ्या, जुना इन्व्हर्टर : अभ्यासिकेतील उजेडाचा हिशेब

माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आपल्या अभ्यासिकेच्या इन्व्हर्टरसाठी दोन नव्या ट्यूब्युलर बॅटऱ्या घेण्यात आल्या. प्रत्येकी १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तास क्षमतेच्या. त्या बसवल्यानंतरही वीज गेली की दिवे आणि पंखे जेमतेम ३५ मिनिटे चालत, मग इन्व्हर्टर ओरडू लागे आणि बंद पडे. सायंकाळच्या वंदनेनंतर अभ्यासाला बसलेल्या दहावीच्या मुलामुलींना वह्या मिटून उठावे लागे. साहजिकच देणगीदारांमध्ये कुजबुज सुरू झाली. बॅटऱ्या बनावट निघाल्या काय? पैसे पाण्यात गेले काय? काही हितचिंतकांनी इन्व्हर्टर मोडीत काढून नवा घ्यावा असे सुचविले व त्यासाठी पुन्हा वर्गणी काढण्याची तयारीही दाखविली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना देशाच्या वीजनियोजनाचा प्रश्न ज्यांनी हाताती घेतला, त्या बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या चळवळीतील आपण. तेव्हा स्मरणिकेच्या पानांत विजेच्या तारांविषयी लिहिणे कोणास अप्रस्तुत वाटू नये.

प्रथम, किती वेळ उजेड मिळायला हवा होता याचा हिशेब. अभ्यासिकेत २० वॅटच्या १८ एलईडी ट्यूब आणि ७५ वॅटचे ६ पंखे आहेत. एकूण भार ८१० वॅट. दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या की २४ व्होल्ट मिळतात, म्हणजे कागदावर ३६०० वॅट-तास ऊर्जा. भागाकार केला तर साडेचार तास येतात. पण हा भागाकार फसवा आहे. बॅटरीवर छापलेली क्षमता साधारणतः २० तासांत सावकाश वापरण्यासाठीची असते. १५० ॲम्पिअर-तास म्हणजे साडेसात ॲम्पिअर २० तास. आपल्या इन्व्हर्टरला, त्याचे स्वतःचे नुकसान धरून, सुमारे ४० ॲम्पिअर लागतात, आणि इतक्या वेगाने उपसले की बॅटरी छापील क्षमता देत नाही. म्हणून अपेक्षा अडीच तासांची ठेवणे योग्य. साडेचार तास मिळत नाहीत ही तक्रार चुकीची ठरली असती. ३५ मिनिटे मिळतात ही तक्रार मात्र खरी होती.

आता दोष कोठे? विक्रेता इन्व्हर्टरला दोष देत होता, इन्व्हर्टर दुरुस्त करणारे कारागीर बॅटरीला. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्याच आधारावर काही स्वीकारू नये. आम्ही मल्टिमीटर हाती घेतला.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. बॅटरी भाराविना मोजली तर फारसे काही कळत नाही. कामातून गेलेली बॅटरीही स्वस्थ असताना १२.५ व्होल्ट दाखवू शकते. मोजमाप सर्व दिवे-पंखे चालू असतानाच घ्यावे. आम्ही तसे घेतले तेव्हा दोन्ही बॅटऱ्यांवर प्रत्येकी १२.२ व्होल्ट, म्हणजे एकूण २४.४ व्होल्ट मिळत होते. इन्व्हर्टरच्या मागील टर्मिनलवर मात्र २१.४ व्होल्टच पोहोचत होते. बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या होऊन खराब होऊ नयेत म्हणून आपला इन्व्हर्टर २१ व्होल्टच्या सुमारास स्वतःहून बंद होतो. त्याच्या दृष्टीने बॅटऱ्या सुरुवातीपासूनच रिकाम्या होत्या.

वाटेत हरवलेले ३ व्होल्ट शोधणे मग अवघड नव्हते. चालू भारात मल्टिमीटरच्या दोन काड्या एकाच तारेच्या दोन टोकांना लावल्या. तार आणि सांधा निर्दोष असेल तर आकडा शून्याच्या जवळपास येतो. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या तुकड्यावर ०.१, काळ्या केबलवर ०.२ आणि लाल केबलवर २.७ व्होल्ट आले. बॅटऱ्या बदलताना जुन्या केबल तशाच ठेवल्या गेल्या होत्या. लाल केबलचे आवरण सोलले तेव्हा लगजवळच्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून निम्म्याहून अधिक तुटलेल्या आढळल्या. बॅटरीतून उडणाऱ्या आम्लाच्या सूक्ष्म तुषारांनी वर्षानुवर्षे केलेले हे काम. २.७ व्होल्ट आणि ४० ॲम्पिअर यांचा गुणाकार १०८ वॅट होतो. पाच ट्यूब उजळतील इतकी वीज त्या एका सांध्यात नुसती तापत होती. लग हाताला चटका देत होता, आणि आगीचा धोका होता तो वेगळाच.

त्याच सांध्याने दुसरेही नुकसान केले होते. चार्ज होताना प्रवाह उलट दिशेने त्याच केबलमधून जातो. १५ ॲम्पिअरच्या प्रवाहाला तेथे सुमारे १ व्होल्टची तूट येई. चार्जरला वाटे बॅटरी भरत आली, आणि तो वेळेआधीच हात आखडता घेई. हायड्रोमीटरने पाहिले तेव्हा आम्लाची सापेक्ष घनता १.१९० होती, भरलेल्या बॅटरीत ती १.२४० च्या आसपास हवी. नव्या बॅटऱ्या बसवल्या दिवसापासून अर्धपोटी होत्या म्हणा ना.

२५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, हातोडीने ठोकलेले नव्हे तर यंत्राने दाबलेले लग, घासून स्वच्छ केलेली टर्मिनले आणि वर व्हॅसलिनचा हात, एवढाच उपचार झाला. दोन दिवसांत घनता १.२४० वर आली आणि अभ्यासिका अडीच तासांच्या आसपास चालू लागली.

सर्वांकडे दोष हाच असेल असे नाही. बॅटऱ्या बदलल्यानंतर इन्व्हर्टर मुळीच सुरू होत नसेल तर जोडताना धन-ऋण टोकांची अदलाबदल होऊन फ्यूज उडाला आहे काय ते पाहावे. कित्येक इन्व्हर्टरच्या पाठीमागे बॅटरीचा प्रकार निवडण्याचे बटण असते. पूर्वी सपाट पत्र्यांची बॅटरी होती आणि आता ट्यूब्युलर आली, तर ते बदलावे लागते. दोनपैकी एकच बॅटरी बदलण्याची काटकसर करू नये; एकसर जोडणीत थकलेली बॅटरी आधी रिकामी होते आणि नवीचेही काही चालत नाही. हे सर्व ठीक असूनही केबल बदलल्यावर बॅटरीच्या टोकांवर बूस्ट चार्जिंगचे २८ ते २९ व्होल्ट येत नसतील, तरच जुन्या इन्व्हर्टरच्या आतील भागांकडे संशयाने पाहावे.

संगणक कक्षातील लहान यूपीएसची गोष्ट थोडी निराळी. त्यात ७ ॲम्पिअर-तासांची बंद बॅटरी असते. ती बदलूनही लाल दिवा जात नाही, याचे कारण काही यूपीएस जुन्या बॅटरीची नोंद धरून बसतात. रात्रभर चार्ज करून चाचणीचे बटण दाबले की बहुधा दिवा विझतो. न विझल्यास आतील कपॅसिटर फुगले आहेत काय हे तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे. ते पेटीचे झाकण स्वतः उघडू नये; वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका भार उरतो.

बॅटऱ्यांच्या बाबतीतही काळजी हवी. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून त्या झोपण्याच्या खोलीत किंवा जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवू नयेत. काम करताना अंगठी, कडे, घड्याळ काढावे. ऋण टोक आधी सोडावे व शेवटी जोडावे. पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आम्ल कधीही नाही.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत केल्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनाही तेच अभिप्रेत आहे. त्यांतील शिसे पुन्हा वापरात येते आणि उघड्यावर फोडल्यास तेच मुलांच्या शरीरात जाते. परतीपोटी मिळालेल्या रकमेतून नव्या केबलचा खर्च निघाला. नव्या इन्व्हर्टरसाठी वर्गणी काढण्याचा विचार सोडून देण्यात आला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाण्याची पातळी, सापेक्ष घनता आणि भारातील व्होल्ट लिहून ठेवण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांकडे सोपविले असून ती वही अभ्यासिकेच्या दाराजवळ टांगलेली आहे. भेटीस येणाऱ्या देणगीदारांनी ती अवश्य चाळावी.