वाशीममध्ये रणरणतं ऊन, पण गाडीच्या स्क्रीनवर उणे ४०! असं का होतं?

वाशीममध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात कारंजाहून समृद्धी महामार्गावर निघालात आणि गाडीने बाहेरचं तापमान उणे ४० दाखवलं, तर बहुधा सेन्सरची वायर तुटलीय किंवा कनेक्टर निघालाय.

हा सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. वायर तुटली की रोध प्रचंड वाढल्यासारखा दिसतो आणि गाडीला वाटतं, बाहेर कडाक्याची थंडी आहे. मग काही गाड्या एसीचा कॉम्प्रेसरच सुरू करत नाहीत.

उन्हात उभी गाडी ५० अंश दाखवत असेल तर घाबरू नका. ती इंजिनची आणि डांबराची उष्णता असते. गाडी धावू लागली की आकडा हळूहळू उतरतो.

मग तपासायचं कसं?

- रात्रभर सावलीत उभ्या गाडीचा आकडा सकाळी थर्मामीटरशी ताडून पाहा.
- मोठा फरक असेल तर आधी कनेक्टर बघा.
- मेकॅनिककडून मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजून घ्या.
- स्कॅनरवर 'पी००७३' कोड आला तर वायर तुटल्याचा संशय पक्का होतो.

एसी गार होत नाही म्हणून गॅस भरायला सांगण्याआधी एवढं तपासाच.