यकृताच्या अर्बुदाची रसद

निरोगी यकृताला लाभणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते. परंतु त्याच यकृतात कर्करोगाची गाठ वाढू लागली, म्हणजे ती हा जुना बंदोबस्त झुगारून धमनीतून आपली स्वतंत्र रसद सुरू करते, आणि त्याकरिता ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन सोडून नव्या रक्तवाहिन्यांना अंकुर फुटावयास लावते. नव्या रक्तवाहिन्यांवाचून गाठ फार वाढू शकत नाही, हा विचार बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला.

सूक्ष्मदर्शकाखाली ही उलथापालथ प्रत्यक्ष दिसते: निरोगी यकृतातील सूक्ष्म रक्तमार्गांच्या अस्तरावर ‘सीडी३४’ हे प्रथिन बहुधा आढळत नाही, आणि अर्बुदाच्या रंजित छेदात मात्र त्याच्या तपकिरी रेघांचे दाट जाळे उमटते.

यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत, ज्या रुग्णांच्या रक्तात व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२ ही प्रथिने आरंभीच अधिक होती, त्यांचे आयुर्मान कमी भरले, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. तथापि औषध कोणाला लागू पडेल, हे त्या प्रथिनांवरून ठरविता आले नाही. रक्ततपासणीच्या अहवालातील वाढलेला आकडा पाहून उपचारांची आशाच सोडणाऱ्या आप्तांना हा भेद वेळीच समजावून सांगणे मला अत्यंत अगत्याचे वाटते.