हृदयझडप प्रतिस्थापन, वृद्धांमधील

हृदयाची निकामी झालेली झडप काढून किंवा बाजूस सारून तिच्या जागी कृत्रिम अथवा प्राणिज झडप बसविण्याच्या क्रियेस झडप प्रतिस्थापन म्हणतात. हृदयाच्या चार झडपांपैकी वृद्धांमध्ये ही क्रिया बहुधा महारोहिणी झडपेवर करावी लागते. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे तिचाच विचार केला आहे.

विकृती व लक्षणे : डावे निलय (रक्त शरीरभर ढकलणारा हृदयाचा कप्पा) व महारोहिणी (त्यातून निघणारी प्रमुख रक्तवाहिनी) यांच्यामध्ये ही झडप असते. अर्धचंद्राच्या आकाराची तीन पातळ दले असलेली ही झडप दिवसातून सु. १ लाख वेळा उघडते व मिटते. उतारवयात काही व्यक्तींत दलांवर कॅल्शियमाचे थर साचून ती ताठर होतात. जन्मतःच दोन दले असलेल्यांत हीच विकृती दहा-वीस वर्षे आधी दिसू लागते. भारतात संधिज्वरामुळे झडपा खराब होण्याचे प्रमाण अद्याप मोठे आहे. मात्र ते रुग्ण बहुधा तरुण असतात आणि त्यांची विकृती मुख्यत्वे डाव्या अलिंद व निलय यांमधील द्विदल झडपेत असते.

निरोगी महारोहिणी झडपेचे उघडे क्षेत्रफळ ३ ते ४ चौ. सेंमी. असते. ते १ चौ. सेंमी.पेक्षा कमी झाल्यास संकोच तीव्र मानतात. अशा वेळी झडपेच्या दोन बाजूंमधील सरासरी दाबांतर बहुधा पाऱ्याच्या ४० मिमी.पेक्षा अधिक होते. हा अडथळा ओलांडण्यासाठी निलयाची भित्ती जाड होत जाते व कित्येक वर्षे रुग्णास काहीही जाणवत नाही. नंतर श्रम केल्यावर धाप लागणे, छातीत दुखणे व अकस्मात शुद्ध हरपणे ही लक्षणे उद्भवतात. जॉन रॉस व यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, झडप तशीच राहिल्यास छातीतील वेदना सुरू झाल्यापासून सरासरी सु. ५ वर्षे, मूर्च्छेनंतर ३ वर्षे व हृदयनिष्फलतेनंतर केवळ २ वर्षे आयुष्य उरते. कॅल्शियमाचे थर विरघळविणारे वा त्यांची वाढ निश्चितपणे थांबविणारे औषध उपलब्ध नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे या हेतूने देऊन पाहिली, परंतु त्यांचा उपयोग झाला नाही.

वृद्धांच्या बाबतीत खरी अडचण येथेच येते. धाप लागू नये म्हणून वृद्ध व्यक्ती नकळत जिना टाळू लागते, चालणे कमी करते व आपणास काही त्रास नाही असेच सांगते. घरातील मंडळीही ते वयाचे लक्षण समजतात. वास्तविक छातीस नळी लावल्यास ऐकू येणारी खरखर व प्रतिध्वनी हृदयालेखन एवढ्यावर निदान होऊ शकते.

शस्त्रक्रियेचा विकास : अमेरिकन शस्त्रवैद्य चार्ल्स हफनेगल यांनी १९५२ मध्ये पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप एका रुग्णाच्या अवरोही महारोहिणीत बसविली, मूळची झडप तशीच राहिली. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र यशस्वीपणे वापरल्यावर हृदय थांबवून आत काम करणे शक्य झाले. १९६० मध्ये ड्वाइट हार्कन यांनी महारोहिणी झडपेच्या मूळ जागी, तर अल्बर्ट स्टार यांनी निवृत्त अभियंता लोवेल एडवर्ड्‌स यांच्या सहकार्याने द्विदल झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविली. पुढे तबकडीच्या व १९७७ पासून दोन पाकळ्यांच्या कार्बनी झडपा आल्या. भारतात तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम्. एस्. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेली तबकडीची झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली.

यांत्रिक झडप बहुधा आयुष्यभर टिकते. मात्र तिच्यावर रक्ताच्या गाठी होऊ नयेत यासाठी वॉर्फरिनासारखे क्लथनरोधी औषध जन्मभर घ्यावे लागते. पडण्याची व रक्तस्रावाची शक्यता अधिक असलेल्या वृद्धांस ही अट जाचक ठरते. फ्रेंच शस्त्रवैद्य आलँ कार्पांत्ये यांनी १९६० नंतरच्या दशकात डुकराच्या झडपा ग्लुटाराल्डिहाइडाने संस्कारित करून वापरण्यायोग्य केल्या. गाईबैलांच्या हृदयावरणापासूनही अशा ऊतकी झडपा करतात. त्या साधारणतः १० ते १५ वर्षे टिकतात. तरुणांत त्या लवकर झिजतात, तर वृद्धांत सावकाश. म्हणून ६५ वर्षांवरील रुग्णांसाठी सामान्यतः त्याच निवडतात.

नलिकामार्गी प्रतिस्थापन : उरोस्थी कापून करावयाची शस्त्रक्रिया सोसणार नाही म्हणून पूर्वी अनेक वृद्धांस उपचार नाकारले जात. फुग्याने झडप रुंदावण्याचा उपाय आलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये रुआन (फ्रान्स) येथे योजला. पण काही महिन्यांतच संकोच पुन्हा उद्भवे. १९८९ मध्ये डेन्मार्कमधील हेनिंग रूड अँडरसन यांनी मिटलेली झडप नलिकेतून नेऊन डुकराच्या हृदयात उलगडली. १६ एप्रिल २००२ रोजी क्रिबिए यांनी हाच प्रयोग मानवावर केला. वृद्धांसाठी पुढे रूढ झालेल्या या उपचाराचा पहिला रुग्ण अवघा ५७ वर्षांचा, पण शस्त्रक्रियेस अपात्र ठरलेला होता. आता बहुधा मांडीच्या रोहिणीतून नलिका सरकवितात व नवी झडप जुन्या दलांना बाजूस दाबून बसते. भारतात वापी (गुजरात) येथे विकसित झालेली मायव्हॅल ही अशी झडप २०१८ पासून उपलब्ध आहे.

शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या, सरासरी ८३ वर्षे वयाच्या ३५८ रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांनी एका वर्षात ५०·७ टक्के, तर नलिकामार्गी झडपेने ३०·७ टक्के रुग्ण मरण पावले. मस्तिष्काघाताचे प्रमाण मात्र दुसऱ्या गटात अधिक होते. नवी झडप मिळूनही जवळजवळ एक-तृतीयांश रुग्ण वर्षभरात दगावले, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे. २०१९ पर्यंत कमी जोखमीच्या रुग्णांतही या पद्धतीचे परिणाम शस्त्रक्रियेशी तुल्य वा सरस दिसून आले.

रुग्णाची निवड : केवळ वयाचा आकडा हा निकष फसवा आहे. ८५ वर्षांची हिंडती-फिरती व्यक्ती ७० वर्षांच्या जर्जर व्यक्तीपेक्षा उपचारास अधिक योग्य असू शकते. म्हणून चालण्याचा वेग, वजनातील घट, स्मृती, मूत्रपिंडे व फुप्फुसे यांची अवस्था आणि स्वतःची कामे स्वतः करण्याची क्षमता तपासतात. प्रगत कर्करोग किंवा तीव्र स्मृतिभ्रंश असल्यास झडप बदलून आयुष्य वा सुख वाढत नाही. अशा वेळी लक्षणे सुसह्य करणारे उपचारच योग्य होत. साधारणतः ७५ ते ८० वर्षांपुढे नलिकामार्ग, तर त्याखालच्या वयात झडपेची रचना, हृद्‌रोहिण्यांचे रोग व रुग्णाची इच्छा पाहून निर्णय घेतात.

उपद्रव व नंतरची काळजी : छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांत काही दिवस भ्रम होणे, हृदयाची लय अनियमित होणे व मूत्रपिंडे मंदावणे हे उपद्रव विशेष आढळतात. नलिकामार्गी झडपेनंतर हृदयातील विद्युत्‌वाहक मार्ग दाबला जाऊन गतिकारक बसविण्याची गरज अधिक वेळा पडते. झडपेच्या कडेने थोडे रक्त मागे झिरपण्याचाही संभव असतो. कोणतीही कृत्रिम झडप जंतुसंक्रमणास बळी पडू शकते. म्हणून दात काढण्यासारख्या क्रियेपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते. झडप बसविल्याची माहिती दंतवैद्यास आधीच सांगणे आवश्यक असते.